बोडक्या झाडाचा भरवसा

नेहरूनगर असो की चुनाभट्टी, कुर्ल्यातल्या सोसायट्यांच्या बैठकीत एप्रिल-मे महिन्यांत झाडांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘यंदा वरून अर्धं उडवून टाका, म्हणजे पावसाळ्यात डोक्याला ताप नको.’ कोणी हरकत घेत नाही. ठेकेदार माणसं पाठवतो, दोर टाकले जातात, कटर मशीन घरघरतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत डेरेदार पर्जन्यवृक्षाचं नुसतं खोड आणि चार थोटकं उरतात. आता हे पडायचं नाही, असं एकमेकांना सांगत सगळे घरी जातात.

पडायचं नाही? उलट काही वर्षांत ते पडण्याची किंवा मोडण्याची शक्यता वाढवून ठेवलेली असते, तीही सोसायटीच्या पैशाने.

या समजात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तो इतका चिवट आहे. झाडावर वाऱ्याचा जोर पानोऱ्यामुळे येतो. पानोरा कमी केला की त्या पावसाळ्यापुरता जोर कमी होतो, हे खरंच. पण झाडाचं गणित एका पावसाळ्यात संपत नाही. पान हा झाडाचा अन्न शिजवण्याचा मुख्य अवयव. तो एका दुपारी काढून घेतला की झाड मुळांत आणि खोडात साठवलेल्या पिठूळ द्रव्यावर जगू लागतं आणि तो साठा खर्चून घाईघाईने नवे धुमारे फोडतं. लोक म्हणतात, ‘बघा, किती छान फुटलं!’ ते छान फुटणं म्हणजे उपाशी झाडाची धडपड असते.

खरी गोम या धुमाऱ्यांमध्येच आहे. नैसर्गिकरीत्या वाढलेली फांदी कोवळेपणापासून खोडाबरोबर जाड होत जाते. दर वर्षी खोडाच्या आणि फांदीच्या लाकडाचे थर एकमेकांत गुंफले जातात आणि सांधा पक्का होतो. छाटलेल्या थोटकावरचे धुमारे सालीलगतच्या सुप्त डोळ्यांतून फुटतात. त्यांना आत पाया नसतो, ते फक्त बाहेरच्या थराला चिकटलेले असतात. एकेका थोटकावर ते झुबक्याने येतात, उंचीसाठी एकमेकांशी स्पर्धा करतात आणि झपाट्याने लांब होतात. त्याच वेळी त्यांच्या खालच्या उघड्या कापातून बुरशी शिरून लाकूड पोखरत असते. तीन-चार वर्षांनी पानोरा जवळजवळ पूर्वीइतका झालेला असतो. आधी जो पक्क्या सांध्यांवर उभा होता, तो आता कुजत्या बैठकीवरच्या जड काठ्यांवर. मग वादळात एक काठी खालच्या मोटारीवर येते आणि बैठकीत ठराव होतो : पुढच्या वर्षी आणखी खालून उडवा.

ही एखाद्या वृक्षप्रेमीची हळवी तक्रार नव्हे. अमेरिकेतली वृक्षनिगेची ‘ए ३००’ ही मानकं शेंडा उडवण्याला मान्य छाटणी समजत नाहीत. इकडचा कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्याने ‘झाड तोडणे’ या संज्ञेत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे सगळं धरलं आहे. झाड आपल्या कंपाउंडमध्ये आहे, आपणच लावलं आहे, फक्त शेंडा तर काढला, या सबबी तिथे चालत नाहीत. खासगी आवारातल्या झाडांच्या छाटणीसाठीही सोसायटीने महापालिकेची परवानगी घ्यायची असते. कुर्ल्यासाठी त्याची वाट ‘एल’ विभागाच्या उद्यान खात्यातून जाते. परवानगी पाच फांद्यांची आणि कापल्या पंधरा, असं झालं तर तीही इजाच.

मग काहीच कापायचं नाही का? कापायचं, पण बघून. वाळलेल्या, चिरलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. फारच लांब गेलेली फांदी आखूड करायची असेल, तर तिच्या बाजूच्या उपफांदीपर्यंत मागे यायचं आणि ती उपफांदी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे पुढची वाढ तिच्या अंगावर पडते. वाढ झालेल्या झाडाची एका वर्षात पाव हिश्शाहून अधिक पानं काढायची नाहीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. जड फांदी एका घावात कधीच उतरवायची नाही : आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, मग जरा पुढे वरून काप म्हणजे वजन सुटतं, आणि शेवटी उरलेलं थोटूक फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर. ते कडं म्हणजे झाडाची जखम मिटवणारी यंत्रणा. खोडाला अगदी सपाट, ‘फिनिशिंग’वाला काप द्यायच्या नादात पुष्कळ ठेकेदार नेमकं तेच उडवतात.

आणखी एक लाडकी पद्धत म्हणजे आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ करून टोकाला तेवढा झुपका ठेवायचा. दिसतं नीटनेटकं. पण वाऱ्यात लहानमोठ्या फांद्या वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकमेकींचा झोका मोडून काढतात. ऑस्ट्रेलियातले संशोधक केन जेम्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनी’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फांद्यांच्या या भूमिकेची मांडणी केली आहे. आतल्या फांद्या गेल्या की हा आवर जातो, सगळं वजन टोकाला उरतं आणि फांदी मधेच मोडते.

मुळात ‘झाडं का पडतात’ याचं उत्तर वर बघून पुरतं मिळत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडं कोसळली. अशा वेळी मुळासकट आडवं झालेलं झाड कुठे दिसलं तर त्याच्या बुडाशी डोकवावं. एका बाजूची मुळं सरळ रेषेत कापलेली आढळणं या शहरात नवलाचं नाही. तिथून कधीतरी केबल, गॅस किंवा पाण्याच्या लाइनचा चर गेलेला असतो. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोनेक फूट मातीत असतात आणि पानोऱ्याच्या घेराबाहेरही पसरतात. सोटमूळ पाताळात जातं आणि झाडाला धरून ठेवतं, हे शाळेतल्या आकृतीतलं चित्र शहरी फुटपाथवरच्या मोठ्या झाडाला क्वचितच लागू पडतं. बुंध्यापासून हाताच्या अंतरावर खणलेला चर म्हणजे त्या बाजूचा आधारच काढून घेणं. त्यावर पेव्हर ब्लॉक बसले की पुरावाही झाकला जातो.

सिमेंटची गळपट्टीही तशीच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या प्रकरणात झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रिट काढायला सांगितलं होतं. कुर्ल्यात लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा आतल्या गल्ल्यांत चालताना किती झाडांना वीतभर तरी माती मोकळी आहे, हे ज्याने त्याने बघावं. पावसात माती भिजून ढिली झाली की अर्ध्या मुळांवर उभं असलेलं झाड जातं. त्याचा शेंडा शाबूत होता की उडवलेला, याने फार फरक पडत नाही.

आता बाकीचे समज, जरा भराभर.

‘कापल्यावर डांबर किंवा ऑइलपेंट लावलं की बुरशी लागत नाही.’ लागते. अमेरिकेच्या वन सेवेतले ॲलेक्स शिगो यांनी एकट्याने चालवायच्या चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते हे तपासलं. माणसाची जखम नव्या पेशींनी भरून येते; झाड तसं काही करत नाही, ते बिघडलेल्या भागाभोवती भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. १९७७ साली शिगो आणि त्यांचे सहकारी विल्सन यांनी लाल मेपल आणि अमेरिकन एल्मवरच्या जखमांना निरनिराळे लेप लावून पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष छापले : लेपांनी कूज थांबवली नव्हती. याला जवळपास पन्नास वर्षं होत आली, आणि ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात डांबराचा डबा अजून आहे. बुंध्यावरचे गेरू-चुन्याचे पट्टे रात्री गाडीवाल्याला झाड दिसावं म्हणून ठीक; झाडाच्या बळाशी त्यांचा संबंध नाही.

‘ढोली पडली म्हणजे झाड गेलं.’ आतलं लाकूड तसंही निर्जीव असतं. जिवंत भाग सालीलगत. वाकण्याला विरोध करण्याचं काम मुख्यतः बाहेरचा थर करतो. पदार्थविज्ञानाच्या साध्या सूत्राने, गोल खोडाचा अर्धा व्यास पोकळ झाला तरी वाकण्याविरुद्धची सुमारे ९४ टक्के ताकद शिल्लक राहते. ७० टक्के व्यास पोकळ असला तरी सुमारे ७६ टक्के. मुंबईत दहाव्या मजल्यावर रंगारी ज्या परांचीवर उभा असतो, तिचे बांबू पोकळच असतात. अर्थात हे सूत्र चारी बाजूंनी सलग भिंत गृहीत धरतं. ढोली एका बाजूने उघडी असेल, खोडाला भेग असेल, तर हिशेब बदलतो. म्हणून ढोली दिसली की तपासणी करायची. कुऱ्हाड काढायची नाही.

याच्या उलटा समज : ‘वर हिरवंगार आहे, म्हणजे ठणठणीत.’ मुळं कुजलेल्या झाडालाही पानं राहू शकतात. बुंध्याशी बुरशीच्या कडक छत्र्या दिसल्या तर वरच्या हिरवाईवर भिस्त ठेवू नये.

नारळाचं प्रकरण निराळंच. त्याला फांद्या नाहीत आणि वाढीचा कोंब एकच, तोही टोकाला. शेंडा उडवला की माड मेला. त्याच्या झावळ्या आणि नारळ उतरवता येतात, पण ‘छाटून सुरक्षित’ करता येत नाही. खोड आणि बूड तपासणं एवढंच हाती असतं. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून एका महिलेचा जीव गेला. ते झाड काढण्यासाठी आधीच अर्ज झाला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

‘लाकडातून वीज जात नाही.’ कोरड्या फर्निचरबद्दल बोलत असाल तर बऱ्याच अंशी ठीक. ओल्या फांदीत पाणी असतं आणि पाण्यात क्षार. मध्य रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत २५ हजार व्होल्ट खेळतात; रुळांकडे झुकलेली फांदी सोसायटीने परस्पर तोडायला जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं.

चेनसॉबद्दलचा गैरसमज कापणाऱ्यांमध्येच जास्त आहे : मशीन नवं, पाती धारदार, मग भीती कशाची? साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी सत्तरेक किलोमीटर. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की पट्टी क्षणात उसळून कापणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. साखळीला ब्रेक असतो तो यासाठी. पुष्कळ जुन्या मशिनांचा तो बिघडलेला असतो किंवा अडचण नको म्हणून काढून टाकलेला असतो. खास विजारी मिळतात. साखळी लागली की त्यांतले लांब तंतू बाहेर ओढले जातात, चाकात गुंततात आणि साखळी थांबते. कमरेला नायलॉनचा दोर, पायात चपला आणि एका हातात चालू मशीन घेऊन गुलमोहोरावर चढलेला माणूस बघून खालचे लोक त्याच्या धाडसाचं कौतुक करतात. गुलमोहोराचं लाकूड ठिसूळ असतं, हे त्याला माहीत असतं. तरीही तो चढतो, कारण मजुरी रोजावर आणि हेल्मेट ठेकेदाराच्या गोदामात.

शेवटचा समज चहाच्या टपरीवर ऐकू येतो : ‘झाडं लाकडासाठीच तोडतात, लाखोंचा माल असतो.’ सागवानाचे भाव डोळ्यांसमोर ठेवून केलेलं हे गणित आहे. रस्त्याकडेच्या झाडांत गुलमोहोर, सोनमोहोर, पर्जन्यवृक्षच फार. त्यांतल्या गुलमोहोराला फर्निचरच्या बाजारात विचारत नाहीत. शिवाय शहरी ओंडक्यात पाट्यांचे खिळे, बॅनरच्या तारा, कुंपणाच्या जाळ्या गिळलेल्या असतात. एक खिळा लागला की आरागिरणीचं पातं गेलं, म्हणून असा माल वखारवाला सहसा घेत नाही. आणि आरागिरणी म्हणजे कुठेही टाकावी अशी पिठाची चक्की नव्हे. गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ पासूनच्या आदेशांमुळे परवान्याशिवाय ती चालवता येत नाही.

त्याच वेळी ‘रस्त्याच्या झाडाचं लाकूड जाळण्यापलीकडे कामाचं नाही’ हेही तितकंच चूक. पर्जन्यवृक्षाच्या गर्द तपकिरी गाभ्याचे वाडगे हवाईत कोरले जातात, आणि त्याच्या अखंड फळ्यांची टेबलं इंडोनेशियातून जगभर जातात. इथे त्याच झाडाचे दोन-दोन फुटांचे तुकडे करून ट्रकमध्ये टाकले जातात आणि तिथेच विषय संपतो. फळी काढायची तर ओंडका लांब ठेवावा लागतो, धातुशोधक फिरवावा लागतो आणि पातं निवडावं लागतं : चेनसॉने फळी काढताना प्रत्येक कापात आठ-दहा मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, बँडसॉवर दोन-तीन. त्यानंतर सुकवणं आहे; इंचभर जाडीला ढोबळमानाने एक वर्ष, आणि मुंबईच्या दमट पावसाळ्यात त्याहून उशीर. टोकांकडून पाणी लवकर उडतं, म्हणून फळ्या तिथूनच उभ्या फाटतात. ते टाळायला ओंडका पडल्या पडल्या दोन्ही टोकांना मेण किंवा घट्ट रंग फासतात. उभ्या झाडाच्या जखमेवर वाया जाणारा तो ऑइलपेंटचा डबा इथे मात्र कामाला येतो.