यंत्राचा गोतावळा

निवृत्त माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. कोणी योगासने सुचवतो, कोणी नातवंडे सांभाळायला सांगतो, तर कोणी चारधाम यात्रेचे पत्रक हातात ठेवतो. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा आता आणखी एक कादंबरी येणार, अशी धास्ती घरच्यांनी घेतली होती. प्रत्यक्षात चांदूर बाजारच्या आमच्या घरामागच्या पडवीत येऊन बसला तो एक छोटा लेथ. सौ.ने विचारले, "याच्यावर काय करणार?" मी म्हटले, "चाके." त्यावर तिने पुढे काही विचारले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस कोठे थांबावे हे शिकतोच.

लेथ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. कुंभार चाकावर माती फिरवतो. कातारी लाकूड फिरवून त्यातून लाटणे आणि पाळण्याचे दांडे काढतो. लेथ हेच काम लोखंडावर, पितळेवर, ॲल्युमिनियमवर करतो. धातूचा तुकडा फिरत राहतो आणि हत्यार त्याला टेकून पापुद्रा काढत पुढे सरकते. पूर्वी हे हत्यार कारागीर हातात धरत असे. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने हत्यार धरणारा सरकता ठोकळा आणि अचूक स्क्रू यांची सांगड घातली, आणि माणसाच्या मनगटाचे काम यंत्राकडे गेले. आज आपल्या घरातला प्रत्येक नटबोल्ट त्या सांगडीचा ऋणी आहे.

कारखान्यातला लेथ दहा-दहा माणसांना हलत नाही. छंदाचा लेथ वेगळा. इंग्लंडमध्ये १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक निघाले, आणि घरच्या शेडमध्ये चिमुकली वाफेची इंजिने बनवणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉटिंगहॅमजवळच्या मायफर्डचे छोटे लेथ या मंडळींच्या घराघरांत गेले. आता चिनी बनावटीचे चाळीस-एक किलोचे यंत्र टेबलावर मावते आणि घरच्या विजेवर चालते. माझा लेथ त्याच जातीचा. पण मला आज लेथविषयी फारसे सांगायचे नाही. सांगायचे आहे ते त्याच्या गोतावळ्याविषयी. नवरी एकटी घरात येत नाही, तिच्यामागून तिचे सगळे माहेर येते. लेथचेही तसेच आहे.

या गोतावळ्यात पहिला मान चकचा. चक म्हणजे फिरणारा तुकडा पकडून ठेवणारी मूठ. यंत्राबरोबर सहसा तीन जबड्यांचा चक येतो. एक चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत सरकतात, गोल सळई आपोआप मध्ये बसते. सोयीचा, पण स्वभावाने थोडा ढिला. केसाएवढा फरक राहतोच. चार जबड्यांच्या चकचा प्रत्येक जबडा स्वतंत्र हलतो. तुकडा मध्यावर आणायला सुरुवातीला अर्धा तास जातो. पण चौकोनी, वेडेवाकडे, काहीही त्यात पकडता येते, आणि डायल गेज लावून बसवले तर 'थाऊ'चा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा, फरकही काढून टाकता येतो. तीन जबड्यांचा चक हा ओळखीवर काम करणारा कारकून आणि चार जबड्यांचा म्हणजे प्रत्येक कागद तपासणारा. दोघेही लागतात.

ही सारी मंडळी मला बँकेत असतानाच भेटली होती, पण कागदावर. १९९३ च्या २ ऑक्टोबरला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. सुशिक्षित बेरोजगार तरुणाला एक लाखापर्यंतच्या प्रकल्पासाठी कर्ज आणि त्यावर थोडे अनुदान. आमच्या भागात कापूस, संत्री, विहिरी, पंप, ट्रॅक्टर, थ्रेशर. त्यामुळे आयटीआय झालेली बरीच मुले लेथ वर्कशॉपची प्रकरणे घेऊन येत. फाइलीतल्या कोटेशनमध्ये यंत्राची किंमत ठळक असे, मोटारीची असे, आणि अगदी शेवटी 'इतर साहित्य' अशी एक ओळ असे. प्रकल्प एक लाखात बसवायचा झाला की कात्री लागे ती नेमकी या शेवटच्या ओळीला. यंत्र दिसते, त्याचा फोटो काढता येतो, त्यावर बँकेचे नाव रंगवता येते. ड्रिल, रीमर, बोरिंग बार यांच्यावर काय रंगवणार?

एकदा एका वयस्क टर्नरने मला हे नीट समजावले. जिनिंग फॅक्टरीत उमर गेलेला माणूस. पुढे त्याने रस्त्याकडेला स्वतःची टपरीवजा शेड घातली होती. म्हणाला, "साहेब, तुमी पोराले बैलजोडी घेऊन देता, अन् जू, सापत्या, येसन घ्याले पैसे ठेवत नाही. मंग वखर कायनं हाकन तो?" मला हा दाखला फार पटला. पुढे लेथचे प्रकरण टेबलावर आले की मी पैशांच्या आधी चार प्रश्न विचारू लागलो. चक कोणता? स्टेडी आहे काय? ड्रिल किती मापांचे? मोजायला काय आहे?

स्टेडीचा प्रश्न तर आमच्या भागात पोटापाण्याचाच होता. पंपाचा लांब शाफ्ट लेथवर लावला की मधोमध थरथरतो, हत्याराच्या दाबाने वाकतो, आणि मधला भाग जाड राहतो. त्याला मध्ये आधार देणारी कडी म्हणजे स्टेडी रेस्ट. ती नसेल तर शाफ्टचे काम परत पाठवावे लागते, आणि एकदा परतवाड्याला किंवा अमरावतीला गेलेले गिऱ्हाईक पुन्हा वळत नाही. चांगला हात असलेली दोन-तीन मुले मी केवळ या एका कडीअभावी बसून राहिलेली पाहिली. एकाने सागाच्या ठोकळ्याला भोक पाडून, त्यात ग्रीस भरून त्याची स्टेडी केली आणि तिच्यावर पूर्ण मोसम काढला. तो टिकला.

दुसरा मान कापणाऱ्या हत्याराचा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकेच्या टेलर आणि व्हाइट यांच्या नव्या पोलादाने लोकांना थक्क केले होते. टोक तापून लाल झाले तरी त्याची धार जात नव्हती. तेच आजचे हायस्पीड स्टील. वर्कशॉपमध्ये त्याचा चौकोनी बिट 'मिरांडा', 'ॲडिसन' अशा नावांनी मागितला जातो. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीच्या क्रुपने कार्बाइड बाजारात आणले आणि 'हिऱ्यासारखे' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून त्याला विडिया हे नाव दिले. आपल्याकडचे टर्नर आजही कार्बाइडच्या टिपेला विडियाच म्हणतात. नवशिक्याला चकचकीत विडियाचा मोह होतो. पण त्याला वेग लागतो, जोर लागतो, यंत्राचा भक्कमपणा लागतो. पडवीतल्या छोट्या लेथला हायस्पीडचा बिटच मानवतो. तो आपल्या हाताने ग्राइंडरवर घासता येतो, चुकला तर पुन्हा घासता येतो.

पण धारदार बिट असून भागत नाही. त्याचे टोक फिरणाऱ्या तुकड्याच्या बरोबर मध्याच्या उंचीवर हवे. वर गेले तर ते कापण्याऐवजी घासते, खाली गेले तर तुकडा त्याच्यावर चढू पाहतो. ही उंची पाहायची युक्ती मी त्याच वयस्क टर्नरकडे पाहिली. सहा इंची पोलादी पट्टी बिटाचे टोक आणि गोल सळई यांच्यामध्ये हलकेच दाबून धरायची. पट्टी ताठ उभी राहिली तर उंची बरोबर. तिचा माथा पलीकडे झुकला तर टोक वर आहे, आपल्याकडे आला तर खाली. मग बिटाखाली पत्र्याचे कपटे घालत बसायचे. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा, मोडके हॅक्सॉ ब्लेड, दाढीचे पाते, सारे चालते. आता उंची एकदाच ठरवून ठेवता येईल असे झटपट बदलायचे टूलपोस्ट मिळतात. पैसे असतील तर जरूर घ्यावेत. पण पट्टीची युक्ती फुकट आहे आणि ती आधी शिकावी.

टेलस्टॉकवर बसतात ते सेंटर आणि ड्रिल चक. त्यांचा निमुळता दांडा ज्या मापाचा असतो ते 'मोर्स टेपर' अमेरिकेच्या स्टीफन मोर्सच्या नावाचे. पिळाच्या ड्रिलचे पेटंट त्याने १८६३ साली घेतले. ड्रिल धरणाऱ्या चकचे पेटंट आर्थर जेकब्सचे, १९०२ चे. जुन्या चकच्या पान्याने बोटांची सालटी निघाली म्हणून त्याने तो शोधला, असे सांगतात.

हिशेबाच्या माणसाला सर्वांत आवडावी अशी वस्तू मात्र वेगळीच आहे: १२७ दात्यांचे गिअर. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापे घेतली, पण वर्कशॉपमध्ये इंच आणि सूत काही मरत नाहीत. जुन्या पंपाचे आटे इंचातले, नव्या ट्रॅक्टरचे मिलिमीटरचे. इंचाच्या लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायचे कसे? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि १२७ ला ५ ने भागले की बरोबर २५.४ येतात. गिअरच्या साखळीत १२७ दात्यांचे एक चाक बसवले की दोन्ही हिशेब पैशाचाही फरक न राहता जुळतात. असा ताळेबंद मी बँकेतही क्वचितच पाहिला.

आता माझ्या चाकांविषयी. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी आमची नॅरोगेज शकुंतला अनेकांनी पाहिली असेल. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलमध्ये निवृत्त झाले, डिझेल आले, आणि पुढे गाडीही थांबली. त्या इंजिनाची लहान प्रतिकृती करावी, हा माझा बेत. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना आनंद देत आले आहे. तेवढी माझी उडी नाही. पण नुसती चाके करायची म्हटली तरी आधी मधले भोक अचूक करावे लागते, मग त्या भोकात जेमतेम घट्ट बसणारी किंचित निमुळती दांडी, मँड्रेल, घालून दोन सेंटरमध्ये चाक कातावे लागते. तरच परीघ आणि भोक एकाच मध्यावर येतात. म्हणजे चाकाच्या आधी मँड्रेल.

हे मँड्रेल शोधताना एक गोष्ट घडली, ती सांगायलाच हवी. तो वयस्क टर्नर वारल्याची बातमी आली, म्हणून भेटायला गेलो. शेडच्या दारात भंगारवाला काटा लावून बसलेला होता. टर्नरची पत्नी मला म्हणाली, "भाऊ, लेथाले गिऱ्हाईक भेटलं. पन पेटीतलं सारं लोखंडाच्याच भावानं मांगून राह्यला हा. देऊ काय?" मी भंगारवाल्याला उद्या यायला सांगितले. तिचा मुलगा चाकणला संगणकावर चालणाऱ्या लेथवर काम करतो. तो आलेलाच होता. आम्ही दोघांनी ती पेटी जमिनीवर मांडली आणि बँकेत तारण मालाची करतात तशी यादी केली.

ड्रिल, टॅप, रीमर यांना बाजारभाव होता, तो लिहिला. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशा मालाला किंमत येते. पण पेटीतला निम्मा माल त्यांनी स्वतः केलेला होता. ट्रॅक्टरच्या मोडक्या ॲक्सलमधून घडवलेले बोरिंग बार, वेगवेगळ्या जाडीचे पत्रे तारेत ओवून केलेली जुडी, मापवार लावलेली चौदा मँड्रेल. यांना कोठेच भाव नव्हता. मुलगा एकेक उचलून पाहत होता. म्हणाला, "काका, आमच्याकडे टूल घासावं लागतच नाही. टिप बदलायची, बटन दाबायचं. बाबा हे करत होते ते मी कधी नीट पाहिलंच नाही." शेवटी त्याने तेलकट फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर तेवढा स्वतःसाठी ठेवला.

उरलेली पेटी गावातच शेड चालवणाऱ्या एका मुलाने घेतली, काकूंना दरमहा हप्ता देण्याच्या बोलीवर. भंगाराचा जो भाव लागला होता त्याच्या कितीतरी पट रक्कम ठरली, आणि हप्ते वेळेवर आले हेही नमूद करतो. मी तीन मँड्रेल घेतली, ठरलेल्या किमतीला.

छंद म्हणून लेथ घ्यावा असे ज्यांना वाटते त्यांना दोन शब्द. जेवढे पैसे यंत्राला ठेवाल तेवढेच गोतावळ्याला ठेवा, आणि तो एकदम विकत घेऊ नका. काम येईल तशी एकेक वस्तू आणा. चकची चावी चकमध्ये क्षणभरही विसरू नका. यंत्र सुरू झाले की ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. सैल बाही, अंगठी, कडे, ओढणी यांना लेथजवळ मज्जाव. थ्रेशरने काय केले आहे हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

आणि एक विनंती, ज्यांना लेथशी काही देणेघेणे नाही त्यांनाही. तुमच्या गावात एखादा जुना टर्नर, फिटर, घड्याळजी असेल. त्याच्या पश्चात त्याची पेटी काट्यावर चढण्याआधी ती कोणीतरी एकदा उघडून पाहावी. त्याच्या हयातीतच, त्याला शेजारी बसवून पाहिली तर अधिक बरे; कोणते हत्यार कशासाठी केले, हे तोच सांगू शकतो. काटा फक्त वजन सांगतो.