१६० क्रमांकाचें घड्याळ व त्याचें दप्तर

पोथी हातीं आली म्हणजे आमचे वाचक प्रथम तिची पुष्पिका पाहतात. शक, संवत्सर, लेखकाचें नांव व स्थळ यांची नोंद घेऊन मग कागद, शाई व अक्षराचें वळण यांची साक्ष त्या नोंदीशीं जुळते कीं नाहीं, याचा विचार करितात. खिशांतील जुन्या व गुंतागुंतीच्या घड्याळांच्या संग्राहकांसही हाच मार्ग धरावा लागतो, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणाच्या ध्यानीं आलेली दिसत नाहीं. सोनें आणि राजेरजवाड्यांच्या कथा यांवरच अशा वस्तूंचें मोल ठरतें, असा सामान्य समज आहे. तो कितपत ग्राह्य आहे हें पाहण्यासाठीं पॅरिस येथें घडलेल्या एका घड्याळाचा वृत्तांत आम्ही येथें देत आहों.

अब्राहाम-लुई ब्रेगे हा कारागीर १७४७ मध्यें न्यूशातेल येथें जन्मला व १८२३ मध्यें पॅरिस येथें वारला. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठीं १७८३ मध्यें तिच्या रक्षकदळांतील एका अधिकाऱ्यानें त्याजकडे घड्याळाची मागणी केली, अशी कथा आहे. त्या काळीं ठाऊक असलेली प्रत्येक युक्ति त्यांत असावी, शक्य तेथें इतर धातूंऐवजीं सोनें घालावें, आणि काळ व द्रव्य यांस मर्यादा नसावी, असें त्या मागणींत होतें म्हणतात. पुढें राज्यक्रांति झाली व १६ आक्टोबर १७९३ रोजीं राणीचा शिरच्छेद झाला. घड्याळ पुरें झालें तें १८२७ मध्यें. म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर चौतीस व ब्रेगेच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं, त्याच्या पुत्राच्या हातून. जिच्या नांवानें तें ओळखिलें जातें, तिच्या दृष्टीस तें कधीं पडलेंच नाहीं.

त्याचा क्रमांक १६०. आंत ८२३ भाग आहेत. चालणाऱ्याच्या हालचालीनें आंतील प्लॅटिनमचें वजन डोलतें व कमान आपोआप गुंडाळली जाते; ती आणखी किती वेळ पुरेल हें दाखविणारा कांटा तबकडीवर आहे. उष्णमान दाखविण्याची सोयही आहे. कळ दाबिली असतां तास, पाव तास व मिनिटें यांचे टोले पडतात. दिवा लावणें जेव्हां कष्टाचें होतें, तेव्हां अंधारांत वेळ कळावा म्हणून ही योजना निघाली. पूर्वी टोल्यांसाठीं लहानशी घंटा बसवीत; ब्रेगेनें तिच्या जागीं वळविलेली पोलादी तार योजिली, त्यामुळें घड्याळाची जाडी पुष्कळ कमी झाली.

पंचांग जाणणाऱ्यांस या यंत्राचे दोन भाग विशेष मनोरंजक वाटतील. पहिला नित्य दिनदर्शकाचा. त्यांत तीस व एकतीस दिवसांचे महिने, फेब्रुवारीचे अठ्ठावीस व चौथ्या वर्षींचे एकोणतीस दिवस हें सर्व चक्रांच्या दांत्यांतच बांधलेलें असतें; माणसास कांटा फिरवावा लागत नाहीं. मात्र १९०० सारख्या शतकाच्या वर्षीं, जेव्हां चौथें वर्ष असूनही फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असतो, तेव्हां अशी सामान्य रचना चुकते व हातानें दुरुस्त करावी लागते. दुसरा भाग वेलांतराचा. सूर्याच्या छायेवरून निघणारी वेळ आणि यंत्राची समगतीची वेळ वर्षांतून चारच दिवशीं जुळतात. नोव्हेंबरच्या आरंभीं छायायंत्र सुमारें सोळा मिनिटें पुढें असतें व फेब्रुवारीच्या मध्यास सुमारें चौदा मिनिटें मागें पडतें. आमच्या ज्योतिषग्रंथांत हाच संस्कार भुजांतर व उदयांतर अशा दोन भागांनीं सांगितला आहे. जें आमच्या गणकांनीं ज्यांच्या कोष्टकांवरून काढिलें, तें येथें एका वांकड्या कडेच्या चक्रावरून कांटा सरकवून दाखविलें आहे.

आतां स्वामित्वाची परंपरा पाहूं. हें घड्याळ १८३८ मध्यें दुरुस्तीस आलें व परत नेलें गेलें नाहीं. १८८७ मध्यें कारखान्यानें तें सर स्पेन्सर ब्रंटन यांस विकिलें. पुढें १९१७ मध्यें सर डेव्हिड लायोनेल सालोमन्स यांनीं तें लंडनमध्यें घेतलें. ब्रेगेच्या कामाचे ते मोठे अभ्यासक होते व १९२१ मध्यें त्यांनीं त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या कन्येनें जेरुसलेम येथें स्थापिलेल्या एल. ए. मायर संग्रहालयांत हें घड्याळ आलें. तेथून १९८३ च्या एप्रिलांत एका रात्रीं तें धरून १०६ घड्याळें चोरीस गेलीं. चोर मेल्यावर, २००६ मध्यें, एका वकिलामार्फत बोलणें लागून त्यांपैकीं ३९ घड्याळें परत आलीं. त्यांत १६० क्रमांकाचें होतें.

मधल्या काळांत जें घडलें तें संशोधकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मूळ घड्याळ बेपत्ता असतांच ब्रेगेच्या कारखान्यानें दप्तरांतील कागद व आकृति यांच्या आधारें त्याची प्रतिकृति करण्यास घेतली. ती २००८ मध्यें लोकांपुढें मांडली गेली. वस्तु नाहींशी झाली तरी दप्तर राहिलें, म्हणून हें शक्य झालें. उलट, राणीसाठीं मागणी करणाऱ्या अधिकाऱ्याचें नांवही कोणास ठाऊक नाहीं. तेव्हां या एकाच वृत्तांतांत वस्तु, दप्तर व आख्यायिका अशीं तीन प्रमाणें आहेत, आणि त्यांचें बळ सारखें नाहीं. आख्यायिका टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण तिची गणना पहिल्या दोहोंच्या पंक्तीस करूं नये.

बनावट कामाचा उपद्रव ब्रेगेसही होताच. सुमारें १७९५ पासून तो आपल्या तबकड्यांवर बाराच्या आंकड्याजवळ इतकी सूक्ष्म सही कोरवीत असे कीं, तिरक्या उजेडांतच ती दिसावी. परंतु केवळ सहीवर भिस्त ठेवणारा संग्राहक फसतो. यंत्र एकाचें, डबी दुसऱ्याची व तबकडी तिसऱ्याची, असा संकर बाजारांत पुष्कळ आढळतो. एका पोथीचीं पानें दुसरीच्या पुष्पिकेस जोडावीं तसाच हा प्रकार. यंत्रावरचा, डबीवरचा व वहींतला क्रमांक एक असावा, आणि वहींतील वर्णन हातांतल्या वस्तूशीं जुळावें, हीच खरी कसोटी होय.

या कसोटीचें महत्त्व आम्ही घरच्या हानीनें शिकलों. आमच्या वडिलांचें टोले देणारें एक घड्याळ होतें. भगिनीच्या विवाहांत सोनें कमी पडलें, तेव्हां त्याची डबी मोडीस घातली. सराफानें यंत्र कागदांत गुंडाळून परत दिलें. तें आजही आमच्यापाशीं आहे व कळ दाबिली असतां त्याची हातोडी हलते. परंतु डबीवरचा क्रमांक आणि तिच्या आंतल्या बाजूस दुरुस्ती करणाऱ्यांनीं वेळोवेळीं खरडलेल्या खुणा मुशींत गेल्या. तें कोठून आलें व आमच्या घरापूर्वीं कोणाचें होतें, हें सांगणारी साक्ष आम्हींच वितळविली. सोन्याचे जे रुपये आले, ते त्याच महिन्यांत सरले.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति इतकीच कीं, जुन्या घराण्यांत असें घड्याळ आढळल्यास त्यास झळाळी देण्यापूर्वीं त्याचे सर्व क्रमांक उतरून घ्यावे, आंतील खुणांचीं चित्रें काढावीं, आणि पावती, पत्र किंवा खर्चाच्या वहींतील ओळ सांपडेल ती त्याच्या शेजारींच ठेवावी. डबी व यंत्र यांची ताटातूट मात्र कोणत्याही निमित्तानें होऊं देऊं नये.