जेट बोटीच्या इंजिनाची हंगामी साठवण

जेट बोट म्हणजे पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्याऐवजी, पंपातून मागे फेकलेल्या पाण्याच्या जोरावर चालणारी नौका. अशी नौका दीर्घकाळ बंद ठेवण्यापूर्वी तिच्या इंजिनातील पाणी काढणे, आवश्यक तेथे गोठणरोधक द्रव म्हणजेच अँटिफ्रीझ भरणे आणि धातूचे गंजापासून रक्षण करणे, या क्रियांना मिळून हंगामी साठवण म्हणतात. शीत प्रदेशांत ही साठवण हिवाळ्यासाठी केली जाते. नाशिकसह महाराष्ट्रात तिची खरी वेळ पावसाळ्याच्या तोंडाशी येते आणि तिचा हेतूही बदलतो.

न्यूझीलंडमधील बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात उथळ, खडकाळ नद्यांसाठी जेट बोट विकसित केली. सर एडमंड हिलरी यांनी १९७७ मध्ये तीन जेट बोटींतून बंगालच्या उपसागरापासून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध नंदप्रयागपर्यंत मोहीम नेली.

== गोठण्याचा धोका ==

अनेक जेट बोटींत नौकेला ढकलणाऱ्या पाण्याचाच काही भाग इंजिन थंड करण्यासाठी वळवलेला असतो. इंजिन बंद केल्यावर हे पाणी पूर्णपणे बाहेर पडत नाही. ब्लॉक, धूर वाहून नेणारे मॅनिफोल्ड आणि तेल थंड करणारी नळी यांच्या सखल भागांत ते साचून राहते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. त्यामुळे बंदिस्त जागेत बर्फ झाला की ब्लॉकला तडा जातो. हा तडा अनेकदा लगेच दिसत नाही. पुढील हंगामात इंजिनतेल दुधाळ झाले म्हणजे पाणी आत शिरल्याचे ध्यानात येते. ब्लॉकवरील गोल पातळ चकत्या गोठण्याच्या वेळी निखळून इंजिन वाचवतात, असा एक समज आहे. वस्तुतः त्या ओतकामासाठी ठेवलेली छिद्रे बुजवण्यासाठी असतात. त्या निखळल्या तरी ब्लॉक वाचेलच असे नाही.

== पाणी काढणे व द्रव भरणे ==

नौका गाड्यावर घेऊन तिचा पुढील भाग किंचित उंच ठेवला जातो. नळाचे पाणी जोडून इंजिन थोडा वेळ चालवतात, म्हणजे आतील गाळ धुऊन निघतो. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी इंजिन सुरू करून मग नळ सोडावा, आणि थांबवताना आधी नळ बंद करून लगेच इंजिन बंद करावे. बंद इंजिनात पाणी सोडत राहिल्यास ते धुराच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरू शकते. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा लागतो.

त्यानंतर निचऱ्याची बुचे काढली जातात. बूच काढूनही पाणी आले नाही, तर आत पाणी नाही असे मानणे ही नेहमीची चूक होय. बहुधा छिद्र गाळाने बुजलेले असते आणि ते तारेने मोकळे करावे लागते.

गोठणरोधक द्रव भरायचा तो यानंतरच. उरलेल्या पाण्यावर तो ओतल्यास विरळ होऊन निकामी ठरतो. थर्मोस्टॅट बंद असल्यास द्रव ब्लॉकपर्यंत पोहोचतही नाही. म्हणून इंजिन गरम करून किंवा थर्मोस्टॅट काढून तो भरतात. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, तर शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते. द्रव जितका अधिक तितके रक्षण अधिक, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

== नाशिकमधील परिस्थिती ==

नाशिक जिल्ह्यात थंडी नवी नाही. निफाड परिसरात किमान तापमान कित्येकदा पाच अंशांखाली उतरते आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. क्वचित पानांवरील दवही गोठते. तथापि पानावरचे दव आणि इंजिनातील पाणी यांत मोठा फरक आहे. पातळ पान उघड्या आकाशाखाली उष्णता झपाट्याने गमावते. जड ब्लॉक गोठण्यासाठी हवा कित्येक तास शून्याखाली राहावी लागते. त्यामुळे शीत प्रदेशातील माहितीपत्रके वाचून येथे नदीच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात ग्लायकॉल भरण्याचे कारण उरत नाही. पाणी नीट काढून टाकणे पुरेसे असते.

बंदिस्त शीतन व्यवस्था असलेल्या इंजिनांची गोष्ट निराळी. त्यांत कूलंट वर्षभर असावेच लागते, कारण त्यातील गंजरोधक घटक धातूचे रक्षण करतात आणि ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदूही वाढतो. ते बोअरवेलच्या जड पाण्यात मिसळल्यास आत क्षार बसतात. त्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरले जाते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवण्याची रीत तेथे जुनी आहे. झाकणे पुरेसे नसते, हे इंजिनाच्या बाबतीत विशेष खरे. दमट हवेने सिलिंडरच्या भिंती गंजतात. म्हणून आम्लयुक्त झालेले जुने तेल साठवणीपूर्वीच बदलतात, स्पार्क प्लगच्या छिद्रांतून थोडे तेल सोडून इंजिन हाताने फिरवतात, बॅटरी काढून प्रभारित ठेवतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषून घेते. फार ओलावा शोषल्यास पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होतात, म्हणून टाकीकडेही लक्ष द्यावे लागते. धुराचे तोंड मात्र विसरले जाते. कुंभारमाशीने तेथे मातीचे घर बांधले, तर पावसाळ्यानंतर इंजिन सुरू होत नाही आणि दोष इंधनात शोधला जातो.

== विषारीपणा व विल्हेवाट ==

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. म्हणून मुले, कुत्री, मांजरे आणि गुरे यांना त्याचा धोका विशेष. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते, त्याचे कॅल्शियमयुक्त स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि ते निकामी होते. प्रौढ माणसाला सुमारे १०० मिलिलिटरही प्राणघातक ठरू शकते. पोटात गेल्याची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात नेणे आवश्यक असते. प्रॉपिलीन ग्लायकॉल तुलनेने बरेच कमी विषारी आहे. शीत देशांत नौकांसाठी मिळणारा गुलाबी द्रव बहुधा त्याचाच असतो. त्याच्या डब्यावरील ‘उणे ५०’ हा आकडा प्रायः फॅरनहाइटमधील असतो आणि तो नळ्या न फुटण्याची मर्यादा दाखवतो. त्याच्या बराच आधी द्रवाचा लगदा होतो.

गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या जलाशयात नौकाविहार चालतो आणि नाशिक शहराच्या पिण्याच्या पाण्याचा प्रमुख स्रोतही तोच जलाशय आहे. म्हणून तेथील इंजिनाची धुलाई, तेलबदल आणि कूलंट काढणे ही कामे पाण्यापासून दूर, खाली भांडे ठेवूनच करणे योग्य ठरते. काढलेले कूलंट व तेल वेगवेगळ्या बंद डब्यांत साठवून, त्यांवर नाव लिहून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत संकलकाकडे दिले जाते. पाण्याच्या जुन्या बाटलीत ते कधीही ठेवले जात नाही.