स्पीकर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

कबनूरसारख्या गावात भजनी मंडळाचा स्पीकर वर्गणीतून येतो. तो बिघडताच नवा आणू नका. बियाण्याची उगवण तपासून आपण पेरतो, तसा आधी स्पीकर तपासा.

अँप्लिफायरपासून त्याच्या तारा सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल त्यांना क्षणभर टेकवा. ‘खट्’ वाजले तर कॉइल शाबूत आहे. फाटलेला कागदी कोन कारागीर बदलून देतो. आवाज नसेल तर सुटलेली तार शोधा. तारा धड असतील तर कॉइल जळाली समजा. तीही बदलता येते, कारण लोहचुंबक सहसा खराब होत नाही.

दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपुढे गेली, तरच नवा घ्या. मात्र ओहम जुन्याइतकेच हवेत. 8 च्या जागी 4 ओहमचा जोडला तर अँप्लिफायरही जळू शकतो आणि वर्गणी पुन्हा काढावी लागते.