गोधडीतली आजी

जुनी लुगडी जपायची कशी? ट्रंकेत डांबरगोळ्या घालून, की फाडून? आई गेली आणि तिची चार सुती नऊवारी माझ्याकडे आली. कात्री लावायला मन धजेना. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, घडीवर विरलेलं लुगडं कुणाच्याच कामाचं नाही.’’

गोधडीचं गणित साधं. एका नऊवारीत सुमारे आठ मीटर कापड निघतं. तुकडे थरावर थर अंथरायचे, इरकलीचे काठ चौफेर लावायचे आणि कडेकडेनं आत येत धावदोरा घालायचा. कापड सुतीच हवं. नायलॉन सरकतं, घामही टिपत नाही.

दुपारी लेक निजली की मी चार ओळी घालते. उठल्यावर ती बोट ठेवून विचारते, ‘‘हे कुणाचं?’’ मी सांगते, हे आजी वारीला नेसायची. हे रोजचं, चुलीची ठिणगी उडून भोक पडलेलं. मोबाइलमध्ये आईचे ढीगभर फोटो आहेत. पण त्यांतल्या एकावरही तिनं असं बोट ठेवलेलं नाही.

लेकीला आजीचा चेहरा आठवणार नाही. तिची ऊब मात्र ओळखीची राहील. मैत्रिणींनो, ट्रंका उघडायच्या त्या मुलं ‘हे कुणाचं?’ विचारताहेत तोवरच!