विट्यात शॉर्टवेव्ह ऐकायचंय? आधी एलईडी बल्ब बंद करा!

परवा एकाने विचारलं, "शॉर्टवेव्ह अजून चालू आहे होय?" आहे की! बीबीसी हिंदीने ३१ जानेवारी २०२०ला शॉर्टवेव्ह बंद केली, तेव्हा जुने श्रोते हळहळले. पण चीनचं सरकारी रेडिओ केंद्र आजही रात्री दणक्यात लागतं.

सांगली आकाशवाणी लागते ती मिडियम वेव्हवर. शॉर्टवेव्ह म्हणजे साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून, म्हणजे आयनांबरावरून, परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर उतरतात. रेडिओवर '३१ मीटर' लिहिलेलं असतं ना? ती लहरीची लांबी. ३००ला मेगाहर्ट्झने भागा, ९.७ला ३१ येतात. अंधार पडल्यावर ४९, ४१ आणि ३१ मीटर धुंडाळा, दिवसा १९ किंवा १६.

रेडिओ घेताना आकडे दाखवणारा डिजिटल घ्या. काटेवाल्यावर स्टेशन सापडेपर्यंत कार्यक्रम संपतो.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे खरखर. यंत्रमागाच्या मोटारी, मोबाइलचे चार्जर, स्वस्तातले एलईडी सगळे मिळून कालवा करतात. मी गच्चीवर पाच-सहा मीटर तांब्याची वायर बांधली, तिचं टोक रेडिओच्या एरियलला चिमट्याने लावलं आणि घरातलं मेन स्विच पाडलं. झटकन खरखर थांबली आणि मागून अरबी गाणं वर आलं. (घरच्यांची मालिका चालू होती, ते सोडा.) वीज कडाडायला लागली की मात्र वायर आधी काढा.

रेडिओ नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ) मोबाइलवर फुकट ऐका. पण आपल्या वायरीवर पकडलेल्या स्टेशनाची मजा त्यात नाही.