सोमवारची आणेवारी

रेडमंडला ऑगस्ट लागला की आपणा मंडळींच्या भारतातल्या फोनवर एक वाक्य हमखास येते, "सध्या इथे हवा काय सुरेख आहे म्हणून सांगू!" आणि ती असतेच. मेरीमूर पार्कात क्रिकेट रंगलेले असते, पॉटलकचे टेबल बिनधास्त अंगणात मांडता येते, गणपतीच्या मिरवणुकीला छत्री लागत नाही. सिअ‍ॅटलचा पाऊस जगभर बदनाम असला तरी वर्षाकाठी तो भरतो जेमतेम एकोणचाळीस इंच, म्हणजे मुंबईच्या निम्मासुद्धा नाही. त्यातून जुलै आणि ऑगस्ट मिळून पडतो सरासरी दीड इंच. आपल्या घरापुढची हिरवळ या दिवसांत तपकिरी होते आणि आपण "येईल परत ऑक्टोबरात" म्हणून स्प्रिंकलर बंद ठेवतो.

पण हीच कोरडी हवा डोंगराच्या पलीकडे कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईचा निकाल लावत असते. तो निकाल दर आठवड्याला चक्क छापून येतो. अमेरिकेचे शेतीखाते एप्रिल ते नोव्हेंबर दर सोमवारी पीकपाण्याचा अहवाल काढते. आपल्याकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो, म्हणजे ऑफिसात डबा खाण्याची वेळ. कोणत्या राज्यात कोणते पीक किती टक्के कापून झाले, आणि उभे पीक 'अतिशय वाईट, वाईट, बरे, चांगले, उत्कृष्ट' या पाच रकान्यांत किती किती टक्के बसते, एवढेच त्यात असते. देशभरची हजारो माणसे आपापल्या भागातली शेते नजरेखालून घालून हे आकडे कळवतात. आम्हां इंजिनियर लोकांना आधी हे गमतीचे वाटते. मोजमाप नाही, यंत्र नाही, नुसती नजर? पण महाराष्ट्रातल्या ज्या कोणाच्या घरी शेती आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे याच गोष्टीला 'नजर आणेवारी' म्हणतात.

आमचे सासरे महसूल खात्यातून निवृत्त झालेले, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. ते इथे आले असताना आम्ही त्यांना घेऊन रिट्झव्हिलच्या बाजूला गेलो होतो. आय-९० ने स्नोक्वाल्मी खिंड ओलांडली, एलेन्सबर्ग मागे पडले, व्हँटेजला कोलंबिया नदी पार केली. मोझेस लेकच्या आसपास ग्रँड कूली धरणाच्या पाण्यावरची हिरवी शेते लागली आणि ती संपल्यावर नजर पोचेल तिथवर नुसता पिवळा गहू. बाबांनी गाडी थांबवायला लावली. खाली वाकून माती चिमटीत घेतली आणि विचारले, "इथं पाऊस किती?" आम्ही सांगितले, "जवळच्या लिंड गावी विद्यापीठाचे कोरडवाहू शेतीचे केंद्र आहे, १९१५ पासूनचे. तिथे वर्षाचा पाऊस सुमारे साडेनऊ इंच." "आणि कालवा?" "नाही." बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग जमीन एक साल पड ठेवत असणार."

अगदी बरोबर! या भागात एकाच जमिनीत दरवर्षी गहू घेत नाहीत. एक वर्ष जमीन मोकळी ठेवून हिवाळ्यातले बर्फ आणि पाऊस मुरवायचा, सप्टेंबरात पेरायचे आणि पुढच्या जुलै-ऑगस्टात कापायचे. म्हणजे एका पिकाला दोन हिवाळ्यांची ओल. बाबांचा निष्कर्ष लगेच तयार होता, "म्हणजे ही आमची शाळूच की!" सोलापूर-मंगळवेढ्याची रब्बी ज्वारीही काळ्या जमिनीने पावसाळ्यात धरून ठेवलेल्या ओलीवरच येते. सह्याद्रीने ढग अडवले की महाबळेश्वराला दोनशे इंच आणि शंभरेक किलोमीटरवरच्या माण-खटावात वीसच्या आसपास. इथे सह्याद्रीच्या जागी कॅस्केड पर्वत. खिंडीत वर्षाला शंभरेक इंच, तर पलीकडे याकिमात सात-आठ. दोन्हीकडे एकच नियम, आणि दिशाही तीच.

कापणीच्या दिवसांत या गव्हाला कोरडी हवाच हवी असते. दाणा वाळलेला असतो, त्यावर पाऊस पडला तर तो कणसातच मोड धरू लागतो. तेव्हा ऑगस्टच्या अहवालात 'कापणी ८० टक्के पूर्ण' असे दिसले की हवा चांगली गेली असे समजावे. पण हीच कोरड तीन महिने आधी आली तर? २०२१ साली तसेच झाले. वसंतात पाऊस नाही, आणि जूनच्या शेवटी ती कुप्रसिद्ध उष्णतेची लाट. २८ जूनला सिअ‍ॅटल विमानतळावर १०८ अंश फॅरनहाइट नोंदले गेले, हे आपल्यापैकी ज्यांच्याकडे एसी नव्हता त्यांना वेगळे सांगायला नको. आपण पंखे शोधत दुकाने पालथी घालत होतो तेव्हा तिकडे गव्हाचे दाणे भरायचे दिवस होते. पुढच्या सोमवारांच्या अहवालांत वॉशिंग्टनच्या गव्हाचा मोठा भाग 'वाईट' आणि 'अतिशय वाईट' या रकान्यांत जाऊन बसला. २०२० साली राज्यात सुमारे साडेसोळा कोटी बुशेल गहू झाला होता. २०२१ साली झाला त्याच्या जवळजवळ निम्मा.

यात आणखी एक गोम आहे. इथला गहू मुख्यतः मऊ आणि पांढरा. आपल्या पोळीला लागतो तसा चिवट नव्हे, तर केक-बिस्किटांचा. त्यातला बराचसा जहाजाने जपान, फिलिपीन्स, कोरियाकडे जातो. केकसाठी प्रथिने कमी हवीत, साडेदहा टक्क्यांच्या आत. पाण्याचा ताण पडला की दाणा बारीक राहतो आणि प्रथिनांचे प्रमाण वाढते. त्यामुळे २०२१ साली पीक तर कमी आलेच, वर आले तेही गिऱ्हाइकाला नको तसे. "दुष्काळात तेरावा महिना" ही म्हण इथल्या शेतकऱ्याला शिकवावी लागणार नाही.

ही झाली ओलीवरची शेती. आपण पोरांना घेऊन सफरचंदे तोडायला जातो ते याकिमा खोरे मात्र कालव्यावर जगते. अमेरिकेतल्या हॉप्सच्या पिकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग या एका खोऱ्यातून येतो. त्याची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात, सफरचंदांची ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे पाणी सर्वांत जास्त लागते ते नेमके पाऊस नसताना. ते येते पाच धरणांतून. त्यातले कीचेलस आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे, खिंड ओलांडताच उजव्या हाताला लागते ते. ऑगस्टअखेरीस त्याचे पाणी खाली गेलेले असते आणि तळातले जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडलेले दिसतात. या पाच धरणांत मिळून वर्षाच्या गरजेइतके पाणी मावतच नाही. बाकीचे डोंगरावर बर्फाच्या रूपाने साठते आणि सावकाश वितळत येते. तिथले लोक या बर्फाला 'सहावे धरण' म्हणतात.

२०१५ साली हे सहावे धरण भरलेच नाही. गंमत अशी, की त्या हिवाळ्यात पाऊस-पाणी एकूण नेहमीइतकेच पडले होते. पण थंडी पडली नाही, म्हणून बर्फाऐवजी पाऊस पडला आणि वाहून गेला. मग वाटप कसे करायचे? इथला कायदा सरळ आहे: ज्याचा हक्क आधीचा त्याला पाणी आधी. याकिमात ती रेघ १० मे १९०५ या तारखेवर ओढलेली आहे. त्याआधीचे हक्कदार पूर्ण पाणी घेतात, नंतरचे उरलेले वाटून घेतात. मासे टिकवण्यापुरत्या पाण्यावर याकामा या मूळ रहिवाशांचा हक्क त्या सगळ्यांच्याही आधीचा, अनादि काळापासूनचा मानला जातो. २०१५ साली १९०५ नंतरच्यांच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी पाणी आले. रोझा नावाचा कालवा, ज्यावर सुमारे बहात्तर हजार एकर जमीन आहे, तो सगळाच्या सगळा या नंतरच्यांत मोडतो.

रोझाच्या मंडळींनी काय केले? मे महिन्यात, पिके जोमात असताना, तीन आठवडे कालवाच बंद ठेवला. आज सोसू, पण ते पाणी ऑगस्टात फळ भरताना हाताशी राहील, हा हिशेब. आमच्या मते या सगळ्या विषयातली शिकण्यासारखी गोष्ट ही. सप्टेंबरच्या सोमवारी अहवालात जे 'चांगले' लिहून येते, ते मे महिन्यात कोणीतरी गोड बोलून, भांडून, मन घट्ट करून ठरवलेले असते. आणि ही वेळ आता क्वचित येते असेही राहिलेले नाही. याकिमा खोऱ्यात २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे दुष्काळ जाहीर करावा लागला.

जाहीर करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. वॉशिंग्टन राज्यात पाणीपुरवठा नेहमीच्या ७५ टक्क्यांच्या खाली जाणार आणि त्यामुळे लोकांचे हाल होणार असे दिसले, की दुष्काळ जाहीर करता येतो. २०२४ साली हे एप्रिलमध्येच झाले, पिके उभी राहण्याच्या आधी. आपल्याकडची आणेवारी पिकाकडे पाहून ठरे. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, त्यातले किती आणे आले? १९५७ साली रुपया दशमान झाल्यावर तिची पैसेवारी झाली, पण लोकांच्या तोंडी आणेवारीच राहिली. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, आणि ठराविक मापाचा तुकडा आखून, त्यातले पीक कापून, मळून, तोलून शेवटी डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर गावाला सवलती: सारा माफ, वीजबिलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. बाबा सांगतात, "एकेका पैशावरून गाव कचेरीत येऊन बसायचा. एकावन्न लिहिले तर पोराची फी भरावी लागणार, हे त्यांना ठाऊक असे."

अलीकडे केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहाने टिपलेली हिरवाई हेही बघतात. २०२३ चा ऑगस्ट भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आपण इथे "सुरेख हवा" म्हणत होतो त्याच आठवड्यांत तिकडे सोयाबीनने माना टाकल्या होत्या. महाराष्ट्र सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरला. मोजण्याची साधने नवी आली, तरी जाहीर होईपर्यंत खरीप हातचा गेलेलाच होता.

याचा अर्थ सगळे शहाणपण अमेरिकेत आहे असे मात्र कोणी समजू नये. १९७२ च्या दुष्काळाने हादरलेले पुण्याचे एक इंजिनियर-उद्योजक, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात जाऊन राहिले आणि त्यातून 'पाणी पंचायत' उभी राहिली. तिचे नियम वाचा: पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस लावायचा नाही. याकिमातल्या १९०५ च्या रेघेपुढे हे नियम ठेवून बघावेत. एकीकडे पणजोबांनी कोणत्या तारखेला अर्ज केला त्यावर आजचे पाणी ठरते, दुसरीकडे आज घरात किती तोंडे आहेत त्यावर. आधीच हिशेब करायची सवय रोझाकडून घ्यावी आणि वाटपाचा न्याय नायगावकडून, असे आम्हांला वाटते. वाचकांपैकी कोणाचे मत वेगळे असेल तर जरूर कळवावे.

आपण मंडळी आता काही नांगर धरणार नाही. पण कोरड्या हवेची झळ आपल्यापर्यंत पोचतेच. ७ सप्टेंबर २०२० ला वाऱ्याने भडकलेल्या आगीत गव्हाच्या मुलखातले माल्डन हे गाव जवळजवळ सगळे जळून गेले, आणि त्या आठवड्यांत रेडमंडमध्ये धुरामुळे खिडक्या उघडता येत नव्हत्या. रेडमंडचा शनिवारचा बाजार १९७६ पासून भरतो. त्यात पलीकडून फळे घेऊन येणाऱ्यांना "यंदा पाणी किती मिळाले?" असे एकदा विचारून पाहावे. भावात घासाघीस करण्याआधी विचारले तर उत्तम. मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना एक प्रकल्पही सुचवतो: सोमवारचा इथला अहवाल आणि महाराष्ट्राच्या कृषी खात्याचा पीकपेऱ्याचा साप्ताहिक अहवाल शेजारी शेजारी मांडून जून ते ऑक्टोबरचा तक्ता करायचा. 'उगवण', 'फुलोरा', 'मळणी' हे शब्द पाठ न करता येतील. आजी-आजोबा इथे असतील तर परीक्षक घरचेच.

आणि सप्टेंबरअखेरीस पहिला पाऊस सुरू होईल, आपण "झाले, आता मेपर्यंत सूर्य नाही" म्हणून उसासा टाकू, तेव्हा लिंडकडचा गहू नुकताच पेरलेला असेल. त्याला तो पाऊस हवा आहे.